रंगवलेली जखम

धडधाकट माणसाने दुसऱ्याची जखम आपल्या अंगावर रंगवून घ्यावी काय, हा प्रश्न हौशी रंगभूमीवर आजवर कुणी गंभीरपणे विचारला नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. गणेशोत्सवातील नाटक असो वा वर्धापनदिनाची एकांकिका, रंगभूषेसाठी बाहेरून माणूस येई; ओळीने बसलेल्या सर्वांच्या तोंडावर एकाच स्पंजाने गुलाबीसर थर चढवी, म्हाताऱ्याच्या कपाळावर तपकिरी पेन्सिलीने तीन आडव्या रेघा ओढी, केसांत पांढरी पावडर घाली आणि जखमेच्या ठिकाणी कुंकवाचा ओला फराटा मारून मोकळा होई. त्या रंगाने कुणी फसत नसे आणि फसावे अशी अपेक्षाही नसे. जखम खोटी आहे हे शेवटच्या रांगेतूनही स्वच्छ दिसे. कौशल्याचा तो अभाव एक प्रकारचा निरागसपणाच होता.

आता चित्र पालटले आहे. लॅटेक्स, मेण, स्पिरिट गम, क्रेपचे केस ही सामग्री घरपोच मिळते आणि ती वापरण्याची रीत दाखवणाऱ्या चित्रफिती हाताशी असतात. आम्ही हैदराबादच्या ज्या मराठी हौशी वर्तुळात वावरतो, तेथे मंडळातीलच एखादी मुलगी किंवा मुलगा ही कामगिरी आपण होऊन अंगावर घेतो आणि भाजलेली कातडी, टाके घातलेले कपाळ, वाळलेला वृद्ध चेहरा हे सारे स्वयंपाकघरातील टेबलावर तयार होते. ते इतके बेमालूम साधते की पहिल्या रांगेतील प्रेक्षक क्षणभर मान फिरवतो. मान फिरवण्याच्या त्या क्षणी कलेबरोबर नीतीचाही प्रश्न उभा राहतो, असे आम्हांस वाटते.

आधी प्रत्यक्ष कृतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रश्न त्या कृतीतूनच निघतो. सुरकुत्या पाडावयाच्या तर डोळ्यांभोवतीची त्वचा एकाने ताणून धरावयाची, दुसऱ्याने तिच्यावर द्रव लॅटेक्सचा पातळ हात फिरवावयाचा, थंड वाऱ्याने तो वाळवावयाचा, त्यावर पावडर टाकावयाची आणि मग ताण सोडावयाचा. त्वचा आपल्या जागी परतते आणि लॅटेक्स तिच्यासह चुरगळते. भाजल्याचा व्रण करताना लॅटेक्स आणि टिश्यू पेपर यांचे थरावर थर देऊन वरचा पापुद्रा मध्येच फाडावा लागतो. रक्तासाठी साखरेचा पाक आणि खाण्याचा लाल रंग घेतात. त्यात निळ्याचा एखादा थेंब किंवा किंचित कॉफी मिसळली नाही तर ते रक्त न दिसता सरबत दिसते. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, तो डोळ्यांना झोंबतो. काहींना रबराचीच ॲलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी मनगटाच्या वर थोडेसे लावून पाहणे आवश्यक असते. आणि आमच्या शहरातील एप्रिल-मे महिन्यांचा उन्हाळा ही तर वेगळीच परीक्षा. घामाने जखमेच्या कडा सुटू लागतात आणि दुसऱ्या अंकापर्यंत व्रण गालावरून लोंबू लागतो.

परंतु हाताच्या या कामाआधी डोळ्याचे काम असते. मुका मार रंगवावयाचा असेल तर तो कितव्या दिवसाचा हे ठरवावे लागते. पहिल्या दिवशीची लाली पुढे निळी-जांभळी होते, मग कडेने हिरवट पडते आणि शेवटी पिवळी होऊन विरते. पाच-सहा दिवसांपूर्वी मार खाल्लेल्या स्त्रीच्या गालावर आम्ही ताजा लाल डाग रंगवला, तर त्या स्त्रीकडे आम्ही पाहिलेच नाही असा त्याचा अर्थ होतो. वार्धक्याचेही तसेच. म्हातारपण कपाळापेक्षा गळ्यावर, कानाच्या पाळीवर आणि हाताच्या पाठीवर आधी उतरते. हे पेन्सिलीच्या तीन रेघांना कधी कळले नव्हते. ते कळण्यासाठी सिटी बसमध्ये समोर बसलेल्या वृद्धाच्या गळ्याकडे टक लावून पाहावे लागते.

असे पाहणे कितपत योग्य? वैद्यही असाच पाहतो, परंतु रुग्ण आपण होऊन त्याच्यासमोर बसलेला असतो आणि त्या पाहण्यातून रुग्णाला काही मिळावयाचे असते. चित्रकार समोर बसणाऱ्याला निदान विचारतो तरी. रंगभूषेची हौस असलेला माणूस यांपैकी काहीच करीत नाही. तो नजरेने नमुना उचलतो आणि पुढच्या थांब्यावर उतरतो. ज्याच्या गळ्याचा नमुना उचलला गेला त्याला त्याचा पत्ताही नसतो. याला चोरी म्हणणे अतिरेकाचे होईल. लेखकही हेच करतात आणि आपण त्यांना निरीक्षणशक्तीबद्दल दाद देतो. तरीही लेखकाच्या शब्दांतून तो गळा पुन्हा कुणाच्या कल्पनेत घडावा लागतो. रंगभूषेत तो जसाच्या तसा दुसऱ्याच्या खांद्यावर येऊन बसतो, हा भेद लहान नाही.

भरतमुनींनी या विषयाला आहार्य अभिनयात मानाचे स्थान दिले आहे. नेपथ्याचे त्यांनी चार प्रकार सांगितले : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अंगरचनेसाठी पांढरा, पिवळा, निळा आणि तांबडा हे चार मूळ रंग मानून त्यांच्या मिश्रणांची नावेही दिली आहेत. पांढऱ्यात पिवळा मिसळला की पांडू, पिवळ्यात निळा मिसळला की हरित, तांबड्यात पिवळा मिसळला की गौर. याच प्रकरणात एक दृष्टान्त येतो, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. जीव जसा एक देह सोडून दुसऱ्या देहात जाताना पहिला स्वभाव टाकतो आणि नवा धारण करतो, तसा रंग आणि वेष यांनी आच्छादलेला नट आपला स्वभाव सोडून ज्याचा वेष घेतला त्याचा स्वभाव घेतो, असे भरतमुनी सुचवतात. म्हणजे रंग लावणे ही एक लहानशी परकायाप्रवेशाची क्रिया झाली. ती केवळ सजावट मानली तर दुसऱ्याची जखम लावण्यात काही जोखीम उरत नाही. ती देहांतर मानली तर त्या देहाची दुखणीही बरोबर येतात.

बहुरूप्याविषयी सांगितली जाणारी लोककथा हेच दुसऱ्या वाटेने सांगते. संन्याशाचे सोंग घेऊन बसलेल्या बहुरूप्यापुढे राजा सोन्याचे ताट ठेवतो आणि तो ते नाकारतो. दुसऱ्या दिवशी तोच बहुरूपी दरबारात येऊन आपली ठरलेली बिदागी मागतो. काल एवढे सोने का सोडलेस, असे विचारल्यावर तो म्हणतो की काल अंगावर संन्याशाचे सोंग होते, ते सोंग डागाळले असते. पोट भरण्यासाठी सोंग घेणाऱ्या माणसाने सोंगाची आब इतकी राखावी! आम्हां हौशींना तर पोटाचीही सबब नाही.

मात्र भरतमुनींचे सारेच आज डोक्यावर घेता येईल असे नाही. कोणत्या प्रदेशाच्या आणि कोणत्या वर्णाच्या माणसाला कोणता रंग लावावा याची यादीही नाट्यशास्त्रात आहे. शक, यवन, पह्लव आणि बाह्लिक हे बहुधा गौर करावेत. किरात, बर्बर, आंध्र, द्रविड, काशी-कोसलचे लोक, पुलिंद आणि दाक्षिणात्य हे बहुधा काळे. ब्राह्मण-क्षत्रिय गौर आणि वैश्य-शूद्र श्याम. हैदराबादेत बसून ही यादी वाचताना मौज वाटते, कारण आमचे शेजारी तीत नावानिशी सापडतात आणि ‘दाक्षिणात्य’ या शब्दात आम्हीही सुटत नाही. मौज ओसरली की ध्यानात येते की येथे माणसाऐवजी त्याची जात आणि दिशा रंगवली जात आहे. हा दोष दोन सहस्रकांपूर्वीचा म्हणून सोडूनही देता येत नाही. 2019 च्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटात सावळ्या वर्णाच्या मुलीची व्यथा सांगण्यासाठी भूमी पेडणेकर यांची त्वचा रंगाने काळवंडली गेली, आणि सावळ्या अभिनेत्रीला ती भूमिका का देऊ नये, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. चित्रपटाचा हेतू वर्णभेदाचा निषेध हाच होता. हेतू चांगला असूनही रंगाची डबी जुन्या यादीतलीच निघाली, हे नोंदवून ठेवावे असे आहे.

याच शहरात ‘सुरभी’ची मंडळी राहतात, आणि रंगभूषेविषयी बोलताना त्यांना वगळणे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना वगळणे होय. 1885 मध्ये कडपा जिल्ह्यातील सुरभी या गावी वनारस गोविंदराव यांनी ‘कीचकवध’ नाटकापासून ही कौटुंबिक नाटक मंडळी उभी केली. या घराण्याचे पूर्वज महाराष्ट्रातून आलेले, चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारे. रंगमंचावर तेलुगू बोलणारी ही माणसे घरात मराठीचीच एक बोली बोलत आली आहेत. त्यांच्या ‘मायाबझार’मध्ये पात्रे तारांवरून हवेत तरंगतात, आग पेटते, क्षणात दृश्य पालटते. पाळण्यातील मूलही तेथे रंग लावून रंगमंचावर येते. व्यावसायिक रंगभूमीची ही परंपरा आमच्या हौशी खटपटींपेक्षा कितीतरी वरची आहे. परंतु येथे आम्हांस तिच्यातील एक वेगळी गोष्ट दाखवावयाची आहे. घटोत्कचाच्या चेहऱ्याला मालक नाही. त्याचे सुळे, त्याच्या भुवया, त्याचा रंग हे सारे कल्पनेने घडवलेले आणि संकेताने मान्य झालेले. प्रेक्षागृहात कुणी घटोत्कच बसलेला नसतो आणि घरी जाऊन तो आरशात पाहत नाही. म्हणून तेथे रंगभूषाकाराला पूर्ण स्वातंत्र्य आहे. (राक्षसांना काळेच का रंगवावे, ही शंका वरच्या यादीमुळे आमच्या मनात येते खरी, आणि ती तशीच राहते.)

महारोग्याचे सोंग घेतले की हे स्वातंत्र्य संपते. फडकी गुंडाळलेले हात, बसलेले नाक, भुवया नसलेले कपाळ आणि घोगरा आवाज हे नाटकातील भिकाऱ्याचे ठरीव रूप आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मेण आणि लॅटेक्स आल्यापासून ते रूप अधिक भीषण करण्याची चढाओढ लागलेली दिसते. वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आजार वेळीच ओळखला तर आता तो विकृतीपर्यंत पोहोचत नाही. 2005 च्या डिसेंबरात भारताने राष्ट्रीय पातळीवर हे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर केले. आजार संपलेला नाही, नवे रुग्ण आजही आढळतात. परंतु औषध घेत असलेला माणूस बहुधा तुमच्या-आमच्यासारखाच दिसतो. कूकटपल्लीला राणी कुमुदिनीदेवींनी 1958 मध्ये स्थापन केलेले शिवानंद पुनर्वसन केंद्र आमच्या घरांपासून काही किलोमीटरांवर आहे. तेथे राहून गेलेला एखादा माणूस आमच्या प्रयोगाला येऊन बसला, तर त्याला रंगमंचावर काय दिसेल? औषधाने जे रूप मागे सारले ते आम्ही साखरेचा पाक आणि मेण यांनी दर गणेशोत्सवात पुन्हा जिवंत करतो. येथे आमची चूक सत्यापासून दूर जाण्याची तर आहेच. शिवाय लोक ज्या भीतीमुळे आजार लपवतात त्या भीतीलाच आम्ही खतपाणी घालतो. या रोगाच्या बाबतीत औषधाइतकाच भीतीचा प्रश्न मोठा आहे, हे कुष्ठसेवेचा इतिहास थोडाफार जाणणाऱ्यास सांगावयास नको.

‘छपाक’ या 2020 च्या चित्रपटाने हा विचार आणखी एका टोकाला नेला. लक्ष्मी अगरवाल यांच्या जीवनावर आधारलेल्या या चित्रपटात दीपिका पदुकोण यांनी आम्लहल्ल्यात होरपळलेला चेहरा धारण केला. पडद्यावरचे ते काम काळजीपूर्वक केलेले होते, आणि ज्या चेहऱ्याकडे समाज पाहत नाही त्याकडे दोन तास पाहावयास लावणे हे लहान काम नव्हे. परंतु चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एक चित्रफीत निघाली, तीत रंगभूषा करणाऱ्या तरुणीला त्यांच्या गाजलेल्या भूमिकांचे चेहरे करून दाखवण्याचे आव्हान दिले होते आणि त्या चेहऱ्यांत हा होरपळलेला चेहराही होता. तिच्यावर तीव्र टीका झाली. मेण तेच, रंग तेच, बहुधा हातांचे कसबही तितकेच. मग एकात आदर आणि दुसऱ्यात अवमान कसा आला? आमच्या मते, चित्रपटात त्या चेहऱ्याला नाव होते, आई-बाप होते, न्यायालयाच्या पायऱ्या होत्या. चित्रफितीत तो चेहरा इतर चेहऱ्यांच्या ओळीतील एक नमुना झाला. प्रयोगानंतर रंगपटात जखमेसह छायाचित्र काढून मित्रांना धाडण्याची जी रीत पडली आहे, तिलाही हेच लागू पडते. पात्र संपलेले असते, जखम तेवढी उरलेली असते, आणि तिच्याखाली हसणारा चेहरा असतो.

येथवर वाचून कुणी म्हणेल की मग हा उद्योगच सोडावा. आम्ही तसे म्हणत नाही. आमच्या पेटीतील मेणाला एक दुसरा इतिहासही आहे आणि त्याचा धागा पुण्याशी जुळतो. 1792 च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याकडील विटा-मडकी करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने आधी मेणाचे पातळ नाक कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून पाहिले, मग ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवून बसवली. ती चिकटण्यासाठी कात वापरला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये हा वृत्तान्त छापला आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ती शस्त्रक्रिया इंग्लंडात केली. त्या कुशल माणसाचे नाव मात्र मागे राहिले नाही. पहिल्या महायुद्धातही असेच घडले. ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकर्तीने 1917 च्या अखेरीस पॅरिसला चित्रशाळा उघडली आणि तोफगोळ्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी पातळ तांब्याचे मुखवटे घडवले. सैनिकाने मुखवटा चढवलेला असतानाच ती त्याच्यावर त्वचेचा रंग देई. रंग ढगाळ दिवशी आणि उन्हातही खपून जावा म्हणून त्या दोहोंच्या मधली छटा निवडावी लागे.

कावसजी आणि ते सैनिक यांना जखम होती आणि ती झाकावयाची होती. आम्हांला जखम नाही आणि ती लावावयाची आहे. साहित्य आणि नजर एकच, दिशा उलट. फरक इतकाच की तेथे चेहरा कसा असावा हे अखेरीस ज्याचा चेहरा त्याच्या मर्जीवर होते आणि येथे ते आमच्या मर्जीवर आहे. परिचारिकांच्या आणि आपत्तिनिवारणाच्या प्रशिक्षणात स्वयंसेवकांच्या अंगावर जखमा रंगवतात, त्या कितीही भयानक असल्या तरी कुणाला खटकत नाहीत, कारण उद्याच्या खऱ्या जखमीसाठीच ते चाललेले असते. नाटकाला इतका रोकडा उपयोग दाखवता येत नाही आणि दाखवण्याची सक्तीही करू नये. त्याने निदान जखमेच्या धन्याला प्रेक्षागृहात बसवून विचार करावा.

आमच्यापैकी काहींनी अलीकडे एक सवय लावून घेतली आहे. पेटी उघडण्याआधी व्रणाची कुळकथा कागदावर लिहावयाची : तो किती दिवसांचा, कशाने झाला, औषध कुणी लावले, पैसे कुणी दिले, त्या अंगाने पात्र कुशीवर झोपू शकते का. ज्या व्रणाला कुळकथा लिहिता येत नाही तो रंगवला जात नाही. काहींना हे सोवळे वाटते, आणि रंगपटात त्यावरून वादही होतात. एका एकांकिकेत स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बाईच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग दाखवावा असे ठरले होते. रंगभूषा करणाऱ्या मुलीने फार सुरेख नमुना तयारही केला होता. कुळकथा लिहू लागल्यावर गालाला कारण सापडेना. डाग लहान झाला आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गेला, कारण तव्याची कड लागते ती तेथेच. एक जुना, पांढुरका, त्याच्या शेजारी एक ताजा. शेवटच्या रांगेतून दोन्ही दिसत नव्हते. काम करणारी मुलगी मात्र मालकीणबाईंशी बोलताना सारा प्रवेशभर बांगड्या त्यांवर ओढून घेत होती.